हा दगड गेल्या वर्षी नव्हता

मित्रांनो, वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी माझा दिवस एकच असतो. बाकीचे सगळे दिवस मी तळघरातल्या दोन लाकडी खुंट्यांवर, कपडे धुवायच्या यंत्रासमोर, भिंतीला पाठ लावून उभी असते. मी स्कीची, म्हणजे बर्फावरून घसरत जायला पायांना लावायच्या लांब पट्ट्यांची, एक जुनी जोडी आहे. खरं तर आम्ही दोघी आहोत. पण जन्मभर एकाच माणसाच्या दोन पायांखाली राहिल्यामुळे आमचं सुखदुःख काही वेगळं उरलं नाही, म्हणून बोलते मी एकटीच.

माझ्या पोटात लाकूड आहे, कडांना पोलाद आहे आणि तळाला काळं, गुळगुळीत प्लॅस्टिक. कारखान्यात हे थर एकावर एक रचून, मध्ये चिकट राळ ओतून, मला तापलेल्या साच्यात दाबलं गेलं. साच्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते, पुढच्या टोकाला वर वळलेली आणि मधोमध किंचित कमानदार. त्या कमानीबद्दल तुम्हांला सांगायलाच हवं. मला नुसतं जमिनीवर ठेवलं तर माझं पोट जमिनीला टेकत नाही. वर माणूस उभा राहिला की मगच टेकतं. कुणाच्या तरी वजनाशिवाय मी पुरी होणार नाही, हे मला घडवतानाच ठरून गेलं होतं.

ते वजन मला नॉर्मंडच्या रूपाने मिळालं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे. तिथे तो शाळेची बस चालवायचा. मला घेतलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. दुकानात त्याने मला हातात धरलं, मधोमध दाबून पाहिलं आणि कलिंगड घ्यावं तशी बोटाने टकटक केली.

"लालच कशाला?" त्याची बायको सेसील म्हणाली. "आगीच्या बंबासारखी दिसतेय."

"झाडीत पडलो तर सापडायला नको का?"

"सापडून काय करायचंय?" ती म्हणाली, पण हसली. मी त्यांच्या घरी आले.

त्यांची मुलगी जोसी तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या पहिल्या अकरा हिवाळ्यांतलं मला सर्वांत स्पष्ट काय आठवत असेल, तर ते तिचे ते इवलेसे पाय. नॉर्मंड तिला आपल्या दोन पायांच्या मध्ये घ्यायचा आणि तिच्या हातभर लांबीच्या स्की आमच्या दोघींच्या मधून चालायच्या, कधी मला थटायच्या, कधी माझ्यावर चढायच्या. वरून त्याचा आवाज यायचा, "गुडघे, जोसी, गुडघे!" त्याचा उजवा गुडघा जुन्या दुखण्याचा होता, म्हणून डाव्या पायावर भार जरा जास्त पडायचा. दुसऱ्या कुणाला ते कळत नसे. मला कळायचं.

त्या वर्षांत मी खूप हिंडले. माथ्यावरच्या उभ्या उतारावरून उतरले, देवदारांच्या दाटीतून गेले, छातीएवढ्या भुसभुशीत बर्फात बुडाले. डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टच्या रांगेत लोक वाकून माझ्याकडे पाहायचे. मग एका हिवाळ्यात नॉर्मंडने निळ्या रंगाची नवी जोडी आणली, आखूड आणि रुंद. माझ्यासारख्या लांब, अरुंद जोड्यांचे दिवस तेव्हा संपत आले होते. त्याने मला तळघरात नेलं, खुंट्या ठोकल्या आणि सेसीलला म्हणाला, "ही आता दगडांची जोडी."

दगडांची जोडी म्हणजे काय, ते आमच्या गावात प्रत्येक घराला ठाऊक असतं. आमचा डोंगर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उघडतो. तेव्हा आभाळातून पडलेला बर्फ नावालाही नसतो. आठवडाभर थंडीत यंत्रं लावून, पाण्याचा फवारा उडवून, एकाच उतारावर बर्फ पाडलेला असतो. दोन्हीकडे तपकिरी गवत आणि मधून ती पांढरी पट्टी. गावात तिला सगळे फीत म्हणतात. तिच्यावरचा थर इतका पातळ की दुपार होता होता खालचे दगड डोकी वर काढतात. चांगली स्की घेऊन त्या दिवशी कुणी येत नाही. ज्याच्या घरात जी खरचटलेली, रंग उडालेली जोडी असेल, ती तो घेऊन येतो. वर्षाचे बाकीचे दिवस नव्या जोड्यांचे. हा एक दिवस आमचा.

पहिल्या वर्षी मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पण मग ते वाटेनासं झालं, कारण त्या दिवशी सगळं कुटुंब असायचं. सेसील वर येत नसे. ती खालच्या लाकडी इमारतीत खिडकीपाशी, पिवळ्या वाटाण्याच्या सुपाचा थर्मास आणि आदल्या दिवशीच्या टर्कीची सँडविचं घेऊन बसायची. नॉर्मंड आणि जोसी फितीवर. आणि अर्ध्या वाटेवर, बर्च झाडाखालच्या वळणावर, तो दगड.

बशीएवढाच तो, पण धारदार. दर वर्षी तिथेच. आणि दर वर्षी नॉर्मंड मला घेऊन त्याच्यावरून जायचा. खर्रकन आवाज व्हायचा, माझ्या तळात बोटभर लांब चर पडायचा, आणि तो थांबून, मला उलटी करून, फार रागाने म्हणायचा, "हा दगड गेल्या वर्षी नव्हता!"

"होता, पापा!" जोसी ओरडायची.

"नव्हता."

"होता! तू गेल्या वर्षीही हेच म्हणालास!"

"म्हणजे मी गेल्या वर्षीही बरोबर होतो."

दगड त्याला दिसत नव्हता की तो मुद्दाम जायचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्याच्या पायाखाली होते, डोळ्यांमागे नव्हते.

त्याच संध्याकाळी तळघरात माझी मलमपट्टी व्हायची. प्लॅस्टिकची एक कांडी असते. ती पेटवायची आणि तिचे थेंब चरात पाडायचे. थेंब गार झाले की वर आलेला भाग पात्याने खरवडून टाकायचा. नॉर्मंडचा हात याबाबतीत बरा नव्हता. माझा तळ काळा आणि त्याच्याकडची कांडी दुधी रंगाची, त्यामुळे प्रत्येक डाग दिसून यायचा. जोसी मोठी झाली, शिकायला गेली, परत आली, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला तिने घर घेतलं, तिला ओडेट झाली. पण पहिला दिवस तिने कधी चुकवला नाही. ओडेट चार वर्षांची झाली, तेव्हा नॉर्मंड तिलाही पायांत घेऊन फितीवर आला. ती त्याला पेपेर म्हणायची. आजोबांना आमच्याकडे तसंच म्हणतात.

असे सव्वीस पहिले दिवस झाले. सव्वीस डाग.

या ऑगस्टमध्ये नॉर्मंड गेला. मला ते कुणी सांगितलं नाही. तळघरात वर्दळ वाढली, वर खूप पावलं वाजली, मग आठ दिवस काहीच वाजलं नाही. सेसील धुणं घेऊन खाली उतरली आणि यंत्र सुरू न करता तशीच माझ्यासमोर उभी राहिली. तेव्हा मी समजले.

ऑक्टोबरात जोसी आवराआवरीला आली.

"ही एर्वेला देऊन टाक," सेसील माझ्याकडे न पाहता म्हणाली. एर्वे म्हणजे शेजारचा. हिवाळ्यात तो लिफ्टवर काम करतो आणि उन्हाळ्यात जुन्या स्कींच्या खुर्च्या बनवतो. "तो माप घेऊन गेलाय. पाठीला चार पट्ट्या लागतात, दोन त्याच्याकडे आहेत."

"मा, ही पापांची आहे."

"मग काय झालं? इथे सगळंच पापांचं आहे."

जोसीने मला खुंट्यांवरून काढलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवलं.

तिच्या घरी माझे फार लाड झाले. तिने माझ्या कडांचा गंज एकेक इंच घासून काढला. लाल रंगावर तेलाचं फडकं फिरवलं. मग बैठकीच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर पितळी आकडे बसवून मला टांगलं. येणारे जाणारे म्हणायचे, "किती छान दिसतेय!" सव्वीस वर्षांनी माझं कुणी कौतुक करत होतं. जोसी रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. कधी कधी एक बोट माझ्या टोकावर ठेवायची, लगेच काढून घ्यायची.

मित्रांनो, प्रेम होतं ते. पण मला त्या खिडकीतून डोंगर दिसत होता.

नोव्हेंबर लागला. गवताला पहाटे दहिवर धरू लागलं. एके दिवशी डोंगरावर यंत्रांचा घुंईई असा आवाज सुरू झाला आणि बर्चच्या झाडांमधून एक फिकट रेघ खाली उतरू लागली. रोज ती बोटभर रुंद व्हायची. माझ्या पोटाखाली तेव्हा जमीन नव्हती आणि वर कुणी नव्हतं. नुसती भिंत होती. कमानीत धरून ठेवलेला सगळा ताण तसाच होता आणि तो द्यायला कुणी मिळत नव्हतं. एखाद्याची वाट पाहणं आणि तो येणारच नाही हे ठाऊक असणं, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे मी त्या भिंतीवर शिकले.

थँक्सगिव्हिंगला सेसील जोसीकडे मुक्कामाला आली. एका हातात भोपळ्याच्या गोड पाईची थाळी, दुसऱ्या हातात किराण्याची जड कागदी पिशवी. थाळी तिने टेबलावर ठेवली, पिशवी कुणाला न दाखवता सोफ्यामागे, हीटरची गरम हवा येते त्या जाळीजवळ. मग वर पाहिलं आणि मी दिसले.

"चकाचक केलीस," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी जोसीने आपली नवी, राखाडी जोडी दाराशी आणून ठेवली. ओडेट सात वर्षांची आहे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"मेमेर," ती आजीला म्हणाली, "मम्मा चांगली स्की नेतेय."

"पहिल्या दिवशी?" सेसीलने सँडविच बांधता बांधता मान वळवली. "फितीवर? डोकं फिरलंय का तुझं?"

"मी सांभाळून जाईन, मा."

"तुझा बापही सांभाळूनच जायचा. सव्वीस वर्षं एकाच दगडावर सांभाळून गेला."

"माझ्याकडे दुसरी नाहीये."

सेसीलने हातातल्या सुरीने भिंतीकडे बोट केल्यासारखं केलं.

"नाही," जोसी म्हणाली.

"का नाही?"

"मोडली तर? सदतीस वर्षांची आहे ती. मोडली तर काय राहील?"

"दगडांसाठी ठेवलेली जोडी तू दगडांपासून वाचवून ठेवलीस. ऐकलं असतं तर तो इतका हसला असता की त्याला खोकला लागला असता."

"तू तर तिची खुर्ची करायला निघाली होतीस!" जोसीचा आवाज चढला.

सेसीलने सुरी खाली ठेवली. "धुणं टाकायला उतरले की ती समोर दिसायची," ती म्हणाली. "रोज. मला वाटलं, खुर्ची झाली तर निदान तिच्यावर बसता तरी येईल."

ओडेट एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती.

"आणि तसंही," जोसी हळू म्हणाली, "ती माझ्या बुटांना बसत नाही. बूट अडकवायची पकड पापांच्या मापाची आहे. इतकी जुनी पकड आता कुठलाच दुकानदार बदलून देत नाही. आणि त्यांचे बूट तू चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकलेस."

"सोफ्यामागे बघ."

जोसीने पिशवी ओढून काढली. आत नॉर्मंडचे काळे बूट होते आणि त्यांत कोंबलेले लोकरी मोज्यांचे दोन जोड. तिने बुटात हात घातला.

"गरम आहेत," ती म्हणाली.

"मग? गाडीच्या डिकीत थंडीने कडक झाले असते तर पाय गेला असता का आत? चाळीस वर्षं तेच ऐकलंय मी. बूट डिकीत ठेवू नकोस, सेसील. बूट डिकीत ठेवू नकोस."

जोसी बूट मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसली. मग उठली, आणि तिने मला आकड्यांवरून खाली काढलं.

लिफ्टच्या रांगेत लोकांनी माना वळवल्या. एर्वेने तर लिफ्ट थांबवायचं बटणच दाबलं.

"ए जोसी! माझी खुर्ची घेऊन कुठे चाललीस?"

"तुला थांबावं लागेल, एर्वे."

"माप घेतलंय मी! चहा ठेवायला दांडीसुद्धा काढणार होतो." मग त्याने टोपी मागे सारली, माझ्याकडे पाहिलं आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "बरं केलंस. जा वर." आणि लिफ्ट पुन्हा सुरू केली.

वर जाताना ओडेटने विचारलं, "पेपेर कुठल्या बाजूला बसायचे?"

"तू बसलीस तिथे."

ओडेट जरा सरकली. मधोमध एका माणसाची जागा झाली. दोघी तशाच वर गेल्या.

आणि मग मी बर्फावर ठेवली गेले, पकडीचा खटका टक्कन बसला, आणि तिचा भार माझ्यावर आला. खूप कमी होता तो. दोन जोड मोज्यांतही तिचे पाय बुटांत हलत होते. दोन्ही पायांवर सारखा भार, डावीकडे जराही जास्त नाही. मला लगेच कळलं की हा तो नाही. तरी माझी कमान दबली, पोट बर्फाला टेकलं, आणि वर्षभर अडकून राहिलेलं माझ्यातलं काहीतरी सुटलं.

पण सकाळभर जोसीने मला काचेसारखं चालवलं. बर्चच्या वळणावर ती इतकी लांबून वळली की गवताला लागली. एकदा, दोनदा, पाच वेळा. दुपारी खाली सूप ओतताना सेसीलने विचारलं, "लागला का?"

"नाही. चुकवला."

"मग कसला पहिला दिवस केलास?" सेसील म्हणाली आणि तिच्यापुढे सँडविच सरकवलं.

शेवटच्या फेरीत ओडेट पुढे होती. वळणावर ती फितीच्या कडेला फार गेली आणि जोसी ओरडली, "गुडघे, ओडेट, गुडघे!" ती मुलीकडे पाहत होती. माझ्याकडे नाही, वाटेकडे नाही. आणि मी थेट त्याच्यावर गेले.

खर्रर्र.

जोसी धडपडली, बसकण मारून पडली, घसरत थांबली. ओडेट वळून पाहत होती. जोसीने हातमोजा काढला, एका पायाची पकड सोडवली आणि मला उलटी केली. तळात, जुन्या डागांच्या शेजारी, बोटभर लांब ताजा चर होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. श्वासाची वाफ माझ्यावर येत होती. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा भिंत.

मग तिने मान वर करून त्या दगडाकडे पाहिलं आणि फार रागाने म्हणाली, "हा दगड गेल्या वर्षी नव्हता."

"होता!" ओडेट किंचाळली. "मम्मा, होता! गेल्या वर्षी पेपेर यावरच गेले होते!"

"नव्हता."

"होता!"

"नव्हता," जोसी म्हणाली. ती हसत होती आणि बाहीने तोंड पुसत होती. ओडेट येऊन तिच्या मांडीवर आडवी पडली. वरून येणारे लोक दोघींना वळसा घालून गेले.

त्या संध्याकाळी मी माझ्या तळघरात परत आले. नॉर्मंडच्या डब्यात अर्धी जळलेली कांडी होती. जोसीने ती पेटवली आणि पहिल्यांदाच स्वतः थेंब पाडले. काही चरात पडले, बरेचसे बाहेर. मग खरवडताना पातं वाकडं गेलं. सेसील कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन बघत उभी होती. शेवटी ती पुढे आली आणि तिने डागावरून बोट फिरवलं.

"नॉर्मंडपेक्षाही वाईट," ती म्हणाली.

"काढून परत करू?"

"राहू दे." तिने माझ्यामागच्या खुंट्या हलवून पाहिल्या, घट्ट आहेत ना ते. "इथेच ठेव. दिसू दे मला."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी मागे राहिलेली एखादी वस्तू असेल. कात्री असेल, पेन असेल, सायकल असेल. तिला पुसा, तेलपाणी करा, मोडली तर सांधा. पण तिला काचेआड ठेवू नका. ज्या कामासाठी ती त्या माणसाच्या हाताशी होती, ते काम तिच्याकडून घ्या. ती झिजेल. एक दिवस मोडेलही. मीही मोडेन, कदाचित त्याच वळणावर, आणि एर्वेकडे मापं आहेतच.

बाहेर आता खरा बर्फ पडतोय. तो निळ्या-राखाडी जोड्यांचा. मी माझ्या जागेवर उभी आहे. मला नॉर्मंडचं वजन हवं आहे, डाव्या पायावर जरा जास्त पडणारं, आणि ते आता मिळणार नाही. धुणं टाकायला आली की सेसील कधी कधी मला उलटी करते आणि तळावरून हात फिरवते. सव्वीस डाग हाताला लागत नाहीत, इतकी वर्षं बर्फावर घासून ते सपाट झालेत. सत्ताविसावा तेवढा लागतो.